डॉक्टरांनी दिलेला अबोला आणि नवा अ‍ॅम्प

सोमवार, ३ मार्च

अ‍ॅम्प गेला. गिटारचा आवाज मोठा करणारी पेटीच ती, आणि तीही तळघरात बँडची तालीम चालू असताना, ऐन गाण्यात! आधी जळकट वास, मग एक लांबलचक उसासा, मग काहीच नाही. मेहुण्याने ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "भाऊजी, वर कुणी दूध ठेवलंय का गॅसवर?" दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून नुसती मान हलवली. ट्रान्सफॉर्मर जळालाय, आता याच्यामागे लागू नका, नवा बघा.

म्हणजे एकाच आठवड्यात घरातले दोन आवाज बंद. गुरुवारी बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूवर गाठ होती. साधीच होती, निघाली. पण डॉक्टरांनी बजावलंय — मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे उलट जास्त ताण येतो! लग्नानंतर अबोले पुष्कळ सोसले, पण प्रिस्क्रिप्शनवर लिहून दिलेला हा पहिलाच.

मंगळवार, ४ मार्च

ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. फोनवर तिचा मेसेज: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ओला टॉवेल पलंगावर आढळून आला आहे. मालकाने ताबडतोब उचलावा."

बस स्टँडवर घोषणा करते ना, तिथलीच भाषा. आवाज गेला तरी रुबाब तोच!

शनिवार, ८ मार्च

आज दोघं दुकानात गेलो. अजून अंग थरथरतंय, अक्षर बघा कसं येतंय.

दुकानाच्या मागे एक खोली आहे, भिंतींना जाड गालिचे ठोकलेले. दुकानवाल्या बाईंनी आधी मोठा अ‍ॅम्प लावला. काळा, मला कमरेपर्यंत येणारा, वर पेटी आणि खाली चार स्पीकर. ट्यूबचा अ‍ॅम्प लगेच वाजत नाही. पहिला खटका दाबायचा आणि थांबायचं, ट्यूबा तापू द्यायच्या. मागच्या जाळीतून त्या दिसतात. आधी काळोख, मग तळाशी नारिंगी ठिपका, मग हळूहळू सगळी नळी उजळते. बाई म्हणाल्या, "आत काय आहे माहितीये? काही नाही. हवासुद्धा काढून घेतलेली असते." म्हणजे मी तार छेडणार, ती त्या काचेतल्या पोकळीतून जाणार, आणि पलीकडून हे एवढं धूड होऊन येणार! पन्नाशीला आलो, वीस वर्षं वाजवतोय, पण हे मनात आलं की अजून तोंडात बोट जातं.

मग दुसरा खटका. गेनचं बटण पूर्ण वर — गेन म्हणजे आवाज किती फाडायचा ते. एकच सूर मारला.

आई गं!

पँटचे पाय फडफडले. खरंच फडफडले, दार बंद, पंखा बंद. छातीवर कुणीतरी तळहात टेकवून दाबल्यासारखं वाटलं. मी कवळ्या बनवतो, रोज शंभर दातांशी गाठ; पण स्वतःचे दात मुळापर्यंत आहेत हे आज कळलं. सूर संपेचना. धरून ठेवला तसा तो थांबून राहिला, मग आपणहून वरच्या सुरात चढला आणि गाऊ लागला. मी हसत होतो. एकटाच, वेड्यासारखा.

बायको कानात बोळे घालून स्टुलावर बसली होती. ती उठली, आली, आणि मी वाजवत असतानाच माझ्या गिटारवरचं आवाजाचं बटण बोटाने फिरवून अगदी खाली आणलं. अ‍ॅम्पला हात लावला नाही. मोठ्याचा आवाज एकदम गोधडीखाली गेला. घुं घुं, बस्स.

मग तिने कोपऱ्यातल्या दुसऱ्याकडे बोट दाखवलं. करडा, बुटका, दोनच स्पीकरचा. तोही पूर्ण गेनवर गरजला. चांगला गरजला, पण मोठ्यासारखा नाही, जरा नाकात. तिने पुन्हा माझ्या गिटारचं बटण खाली आणलं. आणि तो विझला नाही! सगळी फाडाफाड गळून गेली आणि आत एक स्वच्छ, बारीक आवाज निघाला. बोटाची कातडी तारेवर घासली तेवढंही ऐकू येत होतं. मी दचकून हात काढला, तर हात काढल्याचाही आवाज आला. बटण वर केलं — वाघ. खाली — तोच वाघ श्वास घेतोय. एकाच अ‍ॅम्पमधून!

बायकोने मांडीवर एक टिचकी मारली. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. म्हणजे हाच घे.

"अगं, पण असलं जनावर कुणी हळू वाजवायला घेतं का?"

एक टिचकी.

परतताना मी रस्ताभर वाद घातला. ती दुकानांच्या पाट्या वाचत चालली होती. एकट्याने भांडण्यासारखं दमवणारं दुसरं काम नाही.

रविवार, ९ मार्च

फुगलोय. तिच्या लक्षात आलेलं नाही. किंवा आलंय.

मंगळवार, ११ मार्च

मेहुणा लिफ्टच्या कामावरून थेट माझ्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत आला, माझ्या समोरच्या कवळीला तेलकट बोट लावून म्हणाला, "ही हसतीये बघा." मग मुद्द्यावर. "भाऊजी, मोठाच घ्या. ताईचं मनावर घेऊ नका. ती परत गायला उभी राहिली की तिच्यामागे आवाजाची भिंत उभी पाहिजे. करडा म्हणजे नुसता पडदा, ती तो ओढून नेईल."

तो नेमकं माझ्या मनातलं बोलला. आमचं संगीत म्हणजे शेजाऱ्यांच्या मते भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडणं. पण त्यात ती तोंड उघडते ना, तेव्हा शेजारीसुद्धा खिडकीत येतात! पहिल्यांदा ऐकलं ते आठवतं. आम्हाला गायक मिळत नव्हता. मेहुणा म्हणाला, माझी बहीण येईल, जरा मोठ्याने बोलते. आली ती स्टँडवरून थेट, गणवेशात, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. डबा खाली ठेवला. माइक दोन हातांत धरला. आणि तिच्या पोटातून जे काही आलं त्याने माझी बोटं तारांवरच राहिली. राग नव्हता तो. भीतीही नव्हती. जमीन बोलायला लागली तर कशी बोलेल, तसं काहीतरी. मग पदराने नव्हे, बाहीने तोंड पुसून ती म्हणाली, "बरं झालं का? की अजून मोठ्याने?"

त्या दिवशी मी ठरवलं, हिच्याशी लग्न करायचं. आणि हिच्यामागे उभं राहायचं. आता त्या आवाजामागे उभं राहायला नाकातला करडा घेऊ? हे काही मला पटत नाही. अ‍ॅम्प मी माझ्यासाठी नाही निवडत. तिच्या ओरडण्यासाठी निवडतोय. हे तिला कळू नये?

शनिवार, १५ मार्च

दुकानवाल्या बाई देवमाणूस! म्हणाल्या, "मोठा दोन दिवस घेऊन जा, तुमच्या माणसांत वाजवून बघा." मेहुण्याने आणि काकाने उचलून तळघरात आणला. काका म्हणजे आमचा बेस गिटार वाजवणारा, आमच्यात वयाने सगळ्यात लहान, पण टक्कल पहिलं त्याला पडलं.

काय वाजलं आज! सगळे एकत्र सुटलो, तर ड्रमचा ठोका, बेस, माझी गिटार, वेगळं काही उरलंच नाही. एकच मोठी लाट. छताचा चुना काकाच्या टकलावर पडला, त्याने पुसलासुद्धा नाही. गाणं संपलं. मेहुणा हळूच म्हणाला, "हे आपण वाजवलं?" देवळात बोलतात तसा आवाज काढून.

बायको जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी! गाल भिजलेले. मी मनात म्हटलं, जिंकलो. जवळ जाऊन तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, "बघ. ही तुझी भिंत. तू फक्त बरी हो." तिने माझा हात गालाला लावून ठेवला.

वर घरात आल्यावर मेसेज: "फार सुंदर आहे. करडाच घे."

आता घरात दोघंही गप्प. मी प्रिस्क्रिप्शनशिवाय.

रविवार, १६ मार्च

सकाळी बाजारात. कांदे निवडता निवडता मी विचारलं, "एक कारण सांग. एकच. लिहून सांग." तिने फोन काढला. लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग फोन पिशवीत टाकला आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवार, १७ मार्च

मोठा परत केला. करडा आणला.

का? नीट सांगता येत नाही. दुकानात उभा होतो, बाईंना शेवटचं विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" त्या म्हणाल्या, "दोन्ही घ्या!" — त्या दुसरं काय म्हणणार. बाईंनी नुकत्याच वाजवून तपासलेल्या मोठ्याच्या पेटीवर हात ठेवला, अजून कोमट होता. फार जिवावर आलं. पण एवढ्या संसारात तिने माझ्याकडे हट्ट कधी केला? पडदे मी म्हणेन ते, घर मी म्हणेन तिथे, बँडचं नावसुद्धा मी ठेवलेलं आणि ते वाईट आहे. ही बाई एक गोष्ट पुन्हा पुन्हा मागते आहे, तीसुद्धा तोंड बंद असताना. म्हटलं, देऊन टाकू. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. तो बोंब मारणार.

मंगळवार, १८ मार्च

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत करडा लावला. गेन वर, गिटारचं बटण खाली. सहज, तोंड वाकडं करूनच.

तासभर उठलोच नाही. इतकी वर्षं मी तार फक्त झोडपत आलो. आज एक तार नुसती टेकली तर ती काहीतरी म्हणाली. जोर वाढवला तर कडेने जराशी फाटली, कमी केला तर पुन्हा शहाणी. बटणाला हात न लावता, फक्त बोटाच्या वजनावर! मी जेवढं देईन तेवढंच ते मागे देत होतं, रागसुद्धा, मायासुद्धा. एवढी ताकद आत दबा धरून बसलेली आणि वर ही नम्रता. माणसांत असं क्वचित बघितलंय.

बायको येऊन जमिनीवर बसली, पाठ स्पीकरला टेकून. डोळे मिटले होते. ओठ हलत होते, आवाज नाही.

गुरुवार, २० मार्च

डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला, तिला "ई" म्हणायला लावलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलू दे. हळू गाऊही दे. पण ते ओरडणं आता कधीच नाही. यांना मी ऑपरेशनच्या आधीच सांगितलंय."

ऑपरेशनच्या आधीच.

दवाखान्याच्या जिन्यात ती बोलली. आवाज खोल, खरखरीत, मी कधीच न ऐकलेला. "तू माझ्यासाठी ती भिंत शोधत फिरत होतास रे. मग तुला सांगवेचना."

संध्याकाळी करडा लावला. तिने गायला सुरुवात केली, आणि मला वाजवायचं सुचलंच नाही.