दोन्ही नावांनी शोध

२ एप्रिल
माजलगावात पोचले एकदाची! खोली खुराड्याएवढी आहे, पण कडी आतून लागते, आणि ती लावायची की काढायची हे मी ठरवणार. घरमालकीण बायनाबाईंनी आल्या आल्या ताक पाजलं, नाव विचारलं. मंजुळा म्हणाले. किती दिवसांनी स्वतःचं नाव तोंडात आलं; गुळाच्या खड्यासारखं जरा घोळवलंच.

लग्नात शिवशंकरनं ताटातल्या तांदळावर 'तेजश्री' लिहिलं आणि मंजुळा संपली. पुढचं सगळं इथं लिहीत बसत नाही. पुन्हा पळालीस तर घरी न्हाई आणणार, हिरीत टाकीन, एवढं त्याचं शेवटचं बोलणं पुरे. सासरचं पाटोदा इथून लांब आहे. मी कुठे आहे ते फक्त बबिताला माहीत. कॉलेजची मैत्रीण, आणि आता नोकरीतली मालकीणही. कुणाला सांगणार नाही म्हणून तिनं माझ्यासमोर बेलभंडार उचलला. बेलभंडार उचलल्यावर आमच्याकडे माणूस मरेल, पण शब्द मोडणार नाही. मी निवांत आहे.

५ एप्रिल
काम झकास आहे. बबिताचं ऑफिस दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवतं. आता त्यात एआय एजंट बसवलेत. दुकानदारानं म्हणायचं, अमक्या गिऱ्हाइकाला शोध, की एजंट 'ग्राहक शोध' चालवून नाव, नंबर, पत्ता काढून देतो. तो शोध कसा चालवायचा, हे एजंटना समजेल असं लिहून ठेवायचं, ही माझी नोकरी. एजंट म्हणजे नवा जावई. सांगितल्याशिवाय पाटावरून उठत नाही, म्हणून सगळं फोड करून लिहावं लागतं.

ऊन मी म्हणतंय. बबितानं तिच्याच एका गिऱ्हाइकाच्या दुकानातून मला स्वस्तात कूलर घ्यायला लावला. पावतीवर नाव, नंबर, खोलीचा पत्ता दिला आणि तो घरपोच आला. राणीसारखी झोपले.

९ एप्रिल
सगळ्यात वर ठळक लिहिलं: शोध फक्त विचारणाऱ्याच्या दुकानापुरता, दुसऱ्याचं गिऱ्हाईक दाखवू नये.

मग बबिता म्हणाली, बायांची दोन-दोन नावं असत्यात, तिथं एजंट गडबडतो, त्याचं कायतरी लिही. खरंच की, माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक! लिहिलं: 'सासरच्या नावानं बाई सापडली नाही, तर माहेरचं नाव विचारून शोधावं. दुकानदाराला सांगावं, की खात्री करताना आधी एका नावानं हाक मारावी. ओ आली नाही, तर दुसऱ्या नावानं मारावी, गोड आवाजात.' बबितानं पाठ थोपटली. मला फार बरं वाटलं.

१५ एप्रिल
एजंट कुठे अडखळतात ते बघायला रोजचे शोध चाळते. आज एक शोध पाटोद्याचा निघाला. खताचं दुकान. तेजश्री, नवऱ्याचं नाव शिवशंकर. उत्तर: सापडली नाही.

ते माझ्या सासऱ्यांचं दुकान. तिथं तर सगळा हिशेब चोपडीत असायचा. हे सॉफ्टवेअर कधी आलं? बबिताला सांगितलं, तर ती म्हणाली, नावासारखी नावं असत्यात गं, लई मनावर घिऊ नको. मी मान डोलावली. मला ते खरं हवं होतं.

१६ एप्रिल
पुन्हा तोच शोध. आता एजंटनं विचारलंय, माहेरचं नाव काय? मी शिकवलं तसंच. आणि उत्तर आलंय — मंजुळा.

मी लिहिलेलं उघडून पाहिलं. वरची ठळक ओळ नाही. ती कुणी काढली ते शेजारीच दिसतं.

बबिता.

खाली निकाल: एक गिऱ्हाईक सापडलं. कूलर. माझा नंबर. ही खोली —

१७ एप्रिल, सकाळ
बबिता नजरेला नजर देत नव्हती. मग म्हणाली, मी कुणाला सांगितलं? बेलभंडार उचलल्यावर सांगीन व्हय? मशीननं सांगितलं. शिवशंकर रडत आलता म्हणे. त्याच्या दुकानात सॉफ्टवेअर हिनंच जाऊन बसवलं. नवरा-बायकोचं भांडण ते, मोडका संसार जोडल्याचं पुण्य लागतं म्हणे.

हिला विहिरीचं मी सांगितलं होतं. हिच्याच गळ्यात पडून.

शब्द पाळला हिनं! पैशासाठी विकलं असतं तरी इतकं लागलं नसतं. हिनं मला पुण्यासाठी देऊन टाकलं.

दुपार
बॅग भरतेय. बायनाबाई लेकीकडे वडवणीला. पोलिसांना फोन केला, येतो म्हणाले. मोबाइल सारखा वाजतोय. उचलत नाही —

वाजायचा थांबला.

जिन्यावर चपला.

कडी लावलीय. कूलर बंद केला. चुकलंच, आता आत कुणीतरी आहे हे —

तेजश्री, म्हणतोय. हळू. मी गप्प. श्वाससुद्धा —

थांबला. गेला?

नाही. तिथंच आहे. तो आता दुसऱ्या —

लग्नापासून एकदाही त्यानं मला या नावानं —

मंजुळा, म्हणतोय. गोड आवाजात. मी लिहिलं तस्संच —

मंजुळा, ओ दे की गं —

कडी हल