एकोणीस नावांची हजेरी

बाई, आज आमच्या युनीचं, म्हणजे विद्यापीठाचं, पदवीदान झालं, माझ्या नोकरीचाही आजच शेवटचा दिवस होता, आणि मी जिंकून घरी आले आहे. आल्या आल्या गाउन खुर्चीवर फेकला, चहा टाकला आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. म्हणजे हा करोना, ओस पडलेले वर्ग, घरात बसून स्क्रीनवर शिकवणं, यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. बरंच झालं म्हणा. तुम्ही पहिल्याच तासाला त्या स्क्रीनवर खडू आपटला असता. आज भाषणात मी तुमचीच गोष्ट सांगितली, साताऱ्याच्या कॉलेजातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दलही तुम्हाला काही सांगायचंय, पण ते शेवटी.

मी तेवीस वर्षांची, तुमच्या हाताखाली गणित शिकवायला नुकती लागलेली. वर्गात नव्वद मुलं. मी हजेरी नंबरानं घ्यायचे, कारण त्यात वेळ वाचतो. सव्वीस? प्रेझेंट. सत्तावीस? प्रेझेंट. मान म्हणून वर करायची नाही. एक दिवस तुम्ही दाराशी उभ्या राहून सगळं ऐकलंत आणि नंतर स्टाफरूममध्ये, चारचौघांत, मला विचारलंत, "सत्तावीस नंबर कुणाच्या घरी जेवतो गं?" मी आपली रजिस्टर चाळायला लागले. "तीन आठवडे ती पोरगी कॉलेजात फिरकलेली नाही, आणि तुझ्या हजेरीत तिचा एक खाडा नाही! तुझ्या नाकाखाली प्रॉक्सी चाललीय. आवाज ओळखता येत नाही तुला?" मी पुटपुटले, "नव्वद आवाज कसे ओळखणार, बाई?" तुम्ही चपला घातल्यात आणि म्हणालात, "चल माझ्याबरोबर."

तिच्या घरी पोचलो, तर ती मुलगी अंगणात भांडी घासतेय. आईचं ऑपरेशन झालेलं, आई खाटेवर. वडील म्हणतात, आता हिला घरीच ठेवतो. मला वाटलं, तुम्ही आता शिक्षणाच्या महत्त्वावर तास घेणार. तुम्ही चहा प्यायलात, बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "परीक्षेचा फॉर्म परवापर्यंत भरायचाय. सही करा. पेपरच्या दिवशी आईजवळ मी बसते." आणि खरंच बसलात की हो! प्रत्येक पेपरला, इरकलीचा पदर खोचून, त्यांना पेज भरवत. पोरगी पास झाली. दुसऱ्या दिवसापासून मी नावं घ्यायला लागले, तोंडाकडे बघून.

ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा कुणी साडी दिली, कुणी गणपती दिला. तुम्ही काय दिलंत? कोरा हजेरीपट. लांबट, लाल कापडी पाठीचा. "तिकडे मिळायचा नाही," म्हणालात. विमानात मला हसू आवरेना. इथे हजेरी घेतो कोण? तो पट कपाटाच्या तळाशी गेला, वॉशिंग मशीनच्या गॅरंटी कार्डाखाली. मी मात्र चढत गेले, बाई. लेक्चरर, मग विभागप्रमुख, मग डीन. साताऱ्याजवळच्या खेड्यातली मी, इथल्या मोठमोठ्या गोऱ्यांच्या बैठका चालवायचे आणि बडबड लांबली की सरळ गप्प बसवायचे. आणि डीन व्हायच्या आधी मी एक हुशारीही केली. विद्यार्थी युनीच्या साइटवर धडे उघडतो की नाही, हे कॉम्प्युटर मोजणार. तीन आठवडे उघडले नाहीत, की नाव लाल होणार. मग डीननं सही करायची, की नाव कमी. ही पद्धत माझी. तिच्यासाठी मला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. ते टीव्हीशेजारी ठेवून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे.

करोनाच्या पहिल्या वर्षी, वर्ग बंद झाल्यावर दोनेक महिन्यांनी, माझ्यापुढे लाल नावांची यादी आली. एकोणीस. त्यातले बहुतेक परदेशातून आलेले. नाव कमी झालं की व्हिसा धोक्यात, आणि सीमा बंद, विमानं बंद, मग पोरांनी जायचं कुठे? शुक्रवारपर्यंत सही हवी होती. माझे साहेब तसे भले गृहस्थ. स्क्रीनवर दिसत होते, मांडीवर मांजर. म्हणाले, "इट्स युअर ओन सिस्टम, मेट. जस्ट साइन इट." खरंच होतं ते. एक बटण दाबायचं, बस. मी यादीकडे बघत राहिले आणि कानात तुमचा तो खवचट आवाज, कुणाच्या घरी जेवतो गं? मी म्हटलं, सही करणार नाही, आधी एकेकाशी बोलते. "ऑल नाइन्टीन? यू?" "हो, मी," म्हटलं, आणि कॅमेरा बंद केला. मग कपाट उपसलं, हजेरीपट काढला आणि पहिल्या पानावर एकोणीस नावं लिहिली, उच्चार नीट व्हावेत म्हणून देवनागरीत.

फोन सुरू केले. एकाच्या शेतावर इंटरनेटच पोचत नाही, तो गावातल्या लायब्ररीच्या बाहेर गाडी लावून अभ्यास करायचा, मग लायब्ररीचं वायफायही बंद झालं. एक मांस कारखान्यात डबल शिफ्ट करून आई-बापाला पोसतोय. एकजण म्हणाला, मला वाटलं तुमच्या ईमेल मशीनच पाठवतं, उत्तर कुणाला देणार? ते मला झोंबलं, कारण खरंच मशीनच पाठवत होतं. गुरुवारी दुपारपर्यंत अठरा नावांपुढे टिक झाली. उरली एक. नेपाळची मुलगी, फोन बंद. तिची जुनी रूममेट म्हणाली, ती टूवूंबा नावाच्या लांबच्या गावी गेली, गाजरं पॅक करायच्या कामावर. पत्ता मिळाला. गाडीनं दोन तास. मी किल्ली उचलली तशी माझी लेक ओरडली, "आई, यू कान्ट जस्ट रॉक अप! असं कुणाच्या दारात टपकायचं नसतं!" मी म्हटलं, टपकायचं असतं, तुला कुणी शिकवलं नाही, माझी चूक. ती बडबडत आत गेली आणि स्वतःचा जुना लॅपटॉप आणून मागच्या सीटवर ठेवला. "जस्ट इन केस," म्हणाली.

टूवूंबात गारठा. मी फाटकाबाहेर, मास्क लावून, हातात लाल पट. दार उघडून मुलगी बाहेर आली, तिच्या तोंडावरही मास्क. मी तिचं पूर्ण नाव वाचलं, आडनावासकट, गाडीत दोन तास घोकलं होतं. आणि बाई, ती पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, "प्रेझेंट, मॅम." मग तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडली. रेस्टॉरंट बंद झालं, नोकरी गेली, त्यात लॅपटॉप फुटला. "मॅम, मुझे लगा मेरा नाम कट गया होगा. इसलिए मेल खोला ही नहीं." मी फाटकावरून पट उघडून दाखवला. "ये देखो. नाम मेरे पास है." तिच्या नावापुढे टिक केली, तिच्यासमोर. लॅपटॉप फाटकाच्या खांबावर ठेवला आणि दीड मीटर मागे सरले. जवळ घेता आलं नाही, त्याचं फार वाईट वाटलं.

शुक्रवारच्या बैठकीत मी पट कॅमेऱ्यासमोर धरला. म्हटलं, एकोणीसच्या एकोणीस हजर. एकही नाव कमी होणार नाही. आणि ही पद्धत माझी आहे, ती चुकीची आहे, मी ती मागे घेते. यापुढे माणसानं माणसाशी बोलल्याशिवाय कुणाचं नाव कापायचं नाही. मग साहेब मांजराच्या मागून म्हणाले, "फेअर इनफ." झाला की ठराव! आज सगळ्या युनीत तोच नियम आहे. काचेचं ते स्मृतिचिन्ह आता दार बंद होऊ नये म्हणून खाली लावते, वजन चांगलं आहे.

आज हिरवळीवर खुर्च्या लांब लांब मांडून समारंभ झाला. नावं मीच वाचणार, असा हट्ट धरला होता. त्या एकोणिसांतले अकराजण आज होते. नेपाळच्या मुलीचं नाव वाचलं, तर ती स्टेजच्या पायरीशी थांबली, हात वर केला आणि खणखणीत ओरडली, "प्रेझेंट, मॅम!" सगळी हिरवळ हसली. मी माइकसमोर हसले आणि रडलेही, आणि मला कशाचीच लाज वाटली नाही. लेक पहिल्या रांगेत उभी राहून शिट्ट्या मारत होती. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी खूश मी कधीच नव्हते.

आता ते भाषणाचं. हे पत्र कुठे जाणार नाही, हजेरीपटात घालून ठेवीन, म्हणून लिहितेय. मी तुमची गोष्ट गेली कित्येक वर्षं एकाच तऱ्हेनं सांगत आलेय, की नव्वद आवाज होते, मला ओळखता आलं नाही, मग बाईंनी डोळे उघडले. आजही तसंच सांगितलं. बाई, सत्तावीसच्या जागी तिच्या बाकावरची मैत्रीण बोलायची. घोगऱ्या आवाजाची. विचारलं असतं तर चौकशी करावी लागली असती, तास लांबला असता आणि घरी जायची माझी साडेचारची एसटी चुकली असती. तुम्ही मला बहिरी समजून रागावलात आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तो आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला होता.