टेलिफोनवाली परीक्षेला बसते

सोमवार, ६ जानेवारी
झालं! इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड मार्चपासून बंद. सव्वीस वर्षं मी त्याच खुर्चीत. मॅनेजर म्हणाले, "बाई, आता घरी आराम करा. नाहीतर नेटवर्क सुरक्षेची परीक्षा द्या, कॉम्प्युटर विभागात घेतो." हसत म्हणाले. मी फॉर्म भरून आले — एक्कावन्नाव्या वर्षी!

शनिवार, १८ जानेवारी
आमचे हे पुस्तक घेऊन मास्तर झालेत. "फायरवॉल म्हणजे काय गं?"
"आत-बाहेर जाणारी माहिती नियमाप्रमाणे सोडते, नाहीतर अडवते."
"आणि फिशिंग?"
"खोटा मेल पाठवून पासवर्ड काढून घ्यायचा."
"म्हणजे मासे नाहीतच!" — हिरमुसले बिचारे. वीसपैकी सतरा बरोबर!

बुधवार, ५ फेब्रुवारी
पोर्ट नंबर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या दारातून काय जातं ते आकडे, डोक्यात राहीनात. रडकुंडीला आले. मग वाटलं, अगं बाई, दोनशे एक्स्टेंशन तुला झोपेतही येतात! २२, ५३, ४४३ — ही आणखी थोडी. तासाभरात पाठ.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
दुपारी बोर्डवर फोन. "कॉम्प्युटर विभागातून बोलतोय. अर्जंट आहे. तीन नंबर वॉर्डच्या सिस्टरना जोडा, त्यांचा पासवर्ड हवाय." घाई, दरडावणी आणि बाहेरची लाइन! पुस्तकातलं फसवणुकीचं चौथं प्रकरणच बोलत होतं. म्हटलं, "तुमचं एक्स्टेंशन सांगा, मी उलट फोन लावते." फोन आपटला त्यानं! लगेच विभागप्रमुखांना कळवलं. ऐकून उठले, मला खुर्ची दिली. "बाई, पेशंटची सगळी माहिती गेली असती." घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

शनिवार, १ मार्च
पास!! शंभरात एक्क्याऐंशी. ह्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं. दोन मजल्यांना तर दोनदा.

सोमवार, ३ मार्च
विभागात पहिला दिवस. माझं टेबल, माझा कॉम्प्युटर. प्रमुखांनी वर्षभराच्या लॉगिनच्या नोंदी तपासायला दिल्या. संध्याकाळपर्यंत सापडलं — सप्टेंबरपासून कुणीतरी बाहेरून आत शिरतंय. इतक्या जणांच्या नजरेतून सुटलं, मला दिसलं! खातं कुणाचं, ते उद्या शोधते.

मंगळवार, ४ मार्च
खातं माझं, पेशंट कुठल्या वॉर्डात आहे ते बघायला बोर्डवर दिलेलं. सप्टेंबरात फोनवर एका गोड बोलणाऱ्याला पासवर्ड मीच सांगितला होता. आज आठवलं. अहवाल लिहिला. त्यात माझं नाव पूर्ण लिहिलं, खाली सही केली, आणि स्वतः नेऊन प्रमुखांच्या हातात दिला.