बर्फाआधीचा सत्कार

अकोटा, बडोदे
पाडव्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप ताईस,

कोल्हापूरच्या दिशेला तोंड करून नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण घातल्यावर उठायला संयोगिताचा हात लागतो आणि हात देताना ती काहीतरी बोलते, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि गच्चीवरच्या कुंड्या ठीक असतील अशी आशा आहे. (दाजींना म्हणावं, गरम पाणी प्या. मी सध्या सगळ्यांना हेच सांगत सुटलोय.) हातात फोन असताना हा प्रतापसिंह पत्र का लिहितो, असं तुझ्या मनात येईल. मी फोनवर बोलायला लागलो की आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबतो, एवढंच तूर्तास सांगतो.

जानेवारीत निवृत्त झालो तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उभ्याने वाचतो. चहा घेऊन गॅलरीत जातो, कप तिथेच विसरतो, तो आणायला गेलो की खालच्या रस्त्याकडे बघत राहतो. कुठेतरी जायला हवं, एवढं कळतं. कुठे ते कळत नाही. अशात आमच्या सोसायटीतल्या हार्दिकचा (सहली काढतो, अडीचशे वेळा तरी डोंगर चढलाय असं स्वतःच सांगतो) मोबाइलवर निरोप आला : हिमाचल, वसंतातला बर्फ, सात दिवस, पाठीवर आपलं बिऱ्हाड, रात्री तंबूत मुक्काम. मी आजवर बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. निरोप दोनदा वाचला आणि मी नाव दिलं. घरी दोन दिवसांनी सांगितलं. संयोगिता म्हणाली, "बरं," आणि तूरडाळ निवडत राहिली.

हार्दिकने बजावलं होतं की पाठीवर बारा किलो घेऊन रोज चालायचं. पाण्याच्या बाटल्या भरून सॅक पाठीला लावली आणि पहिल्याच सकाळी अकोट्याच्या पुलावरून निघालो. पूल अर्धा झाला नसेल, एका भल्या माणसाने स्कूटर थांबवली. "काका, गाडी छूटी जशे! बेसो ने!" मी सांगितलं की मला गाडी पकडायची नाही, कुठेही जायचं नाही. एवढं ओझं घेऊन घामाघूम निघालेला म्हातारा कुठेही जात नाही, हे कुणाला पटेल? त्याने सॅक स्वतःच पुढे घेतली. आता माझं बिऱ्हाड त्याच्या पायांशी म्हटल्यावर मला मागे बसणं भाग होतं. त्याने मला थेट स्टेशनात सोडलं, वर "आवजो" म्हणून हात हलवून गेला. मी रिक्षाने परत आलो. (त्या दिवसाचा सराव सॅकचा झाला, माझा नाही.)

मग थंडीचा प्रश्न आला. तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि इथे पाडव्यालाच एकोणचाळीस. झोपायची पिशवी आणली होती, पण ती ऊब देते की नाही हे बडोद्यात कसं कळणार? करजणजवळ माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या भावाचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. संयोगितालाही बरोबर घेतलं, कुणीतरी घड्याळ बघायला हवं म्हणून. गोण्यांच्या मधोमध पिशवीत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ती तिथेच अडकली. ना वर, ना खाली. शेवटी दोन हमालांनी मला पिशवीसकट उचललं आणि बाहेर उन्हात, जिथे बाकीचा माल ठेवतात तिथे ठेवलं. चेन सुटेपर्यंत मी आत अक्षरशः शिजलो. आणि संयोगिता? ती बाहेर आलीच नव्हती. सुती साडीत, हाताची घडी घालून आतच उभी होती. बोलवायला गेलो तर म्हणाली, "थांबा की थोडं. छान वाटतंय."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. घात केला तो संपतरावांनी. संपतराव म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. कुणाचा सत्कार केला नाही तर त्यांना जेवण जात नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्टेजवर बोलावलं आणि शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. आगाऊ! कारण काय, तर मी परतणार मे महिन्यात, तेव्हा हॉल मिळत नाही आणि गेल्या कार्यक्रमातली एक शाल उरली होती. भाषणात म्हणाले, "यांच्या पणजोबांनी संस्थानच्या फौजेत पराक्रम गाजवला, तेच रक्त आज हिमशिखर गाठून आलं आहे." गाठून आलं! (पणजोबा फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत, हे तुला आणि मला माहीत आहे.) दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. नारळाच्या वड्याही खाऊन झाल्या. आता मी कुठल्या तोंडाने घरी बसू?

असो. मी आनंदात आहे, काळजी नसावी. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि दाजींना गरम पाणी.

तुझा,
प्रताप

ता. क. : आता मुद्द्याचं. ताई, मला भीती वाटते. गच्चीवर चार जिने चढलो तरी धाप लागते, आणि तिथे मला काही झालं तर साधा फोनही लागणार नाही. तेव्हा तू मला एक कडक पत्र लिही. मजकूर सोबतच्या कागदावर तयार आहे, तुझ्या अक्षरात उतरवून काढ. 'माझ्या गळ्याची शपथ' दोनदा घातलंय, हवं तर तिसऱ्यांदा घाल. आपल्याकडे थोरल्या बहिणीचा शब्द कुणी मोडत नाही, ते पत्र मी मंडळात वाचून दाखवीन आणि सुटेन. पण खरं सांगू? यंदा गेलो नाही तर कधीच जाणार नाही, याचीही तेवढीच भीती वाटते.

ता. क. दुसरा, बुधवार : मी पाकीट आणायला गेलो आणि पत्र टेबलावर राहिलं. संयोगिताने ते वाचलं, तुझ्यासाठीच्या मजकुरासकट. भांडली नाही. माझ्यासमोर हार्दिकला फोन लावला आणि विचारलं, "एक जागा आहे का? मग माझं नाव लिही. यांचं ठेवायचं की काढायचं, ते हे संध्याकाळी कळवतील."

मी पाचच मिनिटांत कळवलं. ठेव म्हणून.

तेव्हा ते कडक पत्र लिहू नकोस. त्याऐवजी एवढंच कर. तिचे बूट लवकर घ्यायला हवेत, पायाला सरावायला पंधरा दिवस लागतात म्हणे. मांडवीत दुकानात जाऊन उभा राहिलो, दुकानदाराने नंबर विचारला. मी दोन हातांत अंतर धरून दाखवलं. तो हसला नाही, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी येऊन तिची चप्पल उलटी करून पाहिली, आकडा झिजून गेलाय. गेल्या वर्षी कोल्हापुरात तूच तिला चपला घेऊन दिल्या होत्यास. पत्र मिळताच नंबर मोबाइलवर लिहून कळव, फोनवर बोलायला लागलो तर ती ऐकेल. तिलाच विचारलं असतं, पण 'तुला कुठे जावंसं वाटतं?' हे चौतीस वर्षांच्या संसारात तिला एकदाही विचारलं नाही, आणि आता सुरुवात पायाच्या मापापासून करायची लाज वाटते.