'चेष्टा करती है'

१ जुलै १९६३
पोरगी आनंदी आज तिसरीत बसली. मी भरवेली खदानीत हजेरीबाबू आहो, मराठी सातवी पास. ज्याच्या घरी बांधला पगार येते त्याच्याच घरी अभ्यास होते, हा आपला सिद्धांत. शेजारची मैनाबाई खदानीत दगड फोडते. तिची गोदा काय शिकन? उद्यापासून रोज सात वाजता आनंदीले शिकवीन. लेखी देऊन राह्यलो.

२ जुलै
दोस्त भैयालालनं पानठेल्यावर अडवलं. उद्या.

९ जुलै
पाढे घेतले. तेरा सत्तेले मीच अडकलो. पोरगी हसली. पाढे तिची माय पाहीन. माय अंगठाबहाद्दर आहे, पण पाढे तोंडीच असतात.

१४ ऑगस्ट
शाळेत पालकांची सभा होती. खदानीच्या कामानं जमलं नाई. (क्लबात कॅरम होता. क्लब खदानीचाच.) मैनाबाई रोजी बुडवून गेली म्हणे. गरिबाले टाइम लय असते.

२१ डिसेंबर
सहामाहीचा निकाल. शाळा हिंदी, गुरुजीचा शेराही हिंदीत: 'बालिका बहुत चेष्टा करती है.' डोकं तापलं. मास्तरची चेष्टा करते, तेही बहुत. दोन धपाटे दिले. काहून मारता बाबा, म्हणे. म्या म्हटलं, तुले ठाऊक आहे. रडत मैनाबाईकडं गेली.

२३ डिसेंबर
शाळेत गेलो, पहिल्यांदा. गुरुजीची माफी मागतली. म्हटलं, अब लडकी चेष्टा नहीं करेगी. ते म्हणे, अरे, करने दीजिए, और करे. स्वतःची चेष्टा आवडणारा मास्तर पह्यल्यांदाच पाह्यला.

१९ जानेवारी १९६४
पोरगी माझ्यापुढं पुस्तक उघडत नाई. काही विचारलं का 'हौ', बस. मैनाबाईच्या ओट्यावर मात्र दोघी पोरी मोठ्यानं वाचतात. मैनाबाईले अक्षर येत नाई, पण पोरगी अडखळली का पुन्हा वाचाले लावते. ही काय पद्धत झाली?

११ फेब्रुवारी
हापिसात नोटीस लागली: 'सब चेष्टा करें कि दुर्घटना न हो.' मी हसलो. चपराशी हिरालाल म्हणे, बाबू, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश.
डबा तसाच परत आणला. पोरगी मेहनत करते म्हणून म्या तिले मारलं. लय वाईट वाटून राह्यलं. उद्या जिलेबी नेतो, समजून जाईन ती.

१२ फेब्रुवारी
जिलेबी घेतली. वाटेत भैयालाल भेटला. दोघांत संपली.

३० एप्रिल
निकाल. दहाले बोलावलं होतं. निकालपत्रावर करायची सही तीन दिवसांपासून घोटून ठेवली होती, इंग्रजीत. पोहोचलो साडेअकराले. आनंदी पास. पालकाच्या सहीच्या जागी जांभळा अंगठा. मैनाबाईचा. आनंदीनंच गुरुजीले सांगतलं म्हणे, माझी पालक मावशी.
खाली शेरा: 'पिताजी भी चेष्टा करें.'
या वेळी अर्थ कोणाले विचारा लागला नाई.