दोन ओव्हनची वाटणी

मी, सरस्वतीबाई त्रिंबकराव मस्के, वय बहात्तर, राहणार वडवणी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, आणि कोण आपले नि कोण परके हे आता चांगले समजते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व माझ्या नावची जमीन माझा एकुलता मुलगा मोहनराव यास मिळावी. तो मुलगा आहे म्हणून देते. याहून मोठे कारण मला लिहिता येत नाही. का, ते पुढे येईल.

२. बँकेतील ठेव सुनेला द्यावी. तिने मला कधी गप्प बसायला सांगितले नाही.

३. पहिला ओव्हन. हा सध्या बीडला, माझी धाकटी जाऊ छबुबाई हिचा मुलगा उत्तरेश्वर याच्या पिझ्झाच्या दुकानात आहे. तो तिथे कसा गेला हे लिहिणे भाग आहे.

दोन हजार पंधराच्या दुष्काळात जनावरे छावणीत गेली, निम्मी गल्ली ऊसतोडीला गेली. मागे राहिलेल्या बायांची आम्ही सहकारी संस्था काढली. पाव आणि पिझ्झ्याचे तळ भाजून बीडला क्लासच्या पोरांना विकायचे, असे ठरले. ओव्हन घ्यायला मी माझ्या पाटल्या मोडल्या आणि छबुबाईला सोबत नेले. दुकानदाराने आधी मायक्रोवेव्ह पुढे केला.

"मावशी, यात सगळं होतं."

"पावाला तांबूस पापुद्रा येतो का?"

"गरम मस्त होतं."

"गरम तर उन्हातबी होतं," मी म्हणाले.

छबुबाईला निळ्या दिव्यांचा, मोठ्या काचेचा एक आवडला होता. मी त्याचे दार ओढून पाहिले, ते सैल होते. मी घेतला तो दिसायला बोजड. पण वर-खाली दोन्हीकडे तापणाऱ्या कांड्या, त्या वेगवेगळ्या चालू करता येत. भिंत दुहेरी, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी दार उघडले नाही की आतल्या धगीवर पाव निघणार. आणि आत ओतीव बिडाचा तवा बसेल एवढी जागा, कारण पिझ्झ्याला खालून कडक आच लागते.

छबुबाई म्हणाली, "आक्का, तुमी म्हनाल तो. मला काय कळतंय त्यातलं."

ओव्हन मी संस्थेला वापरायला दिला होता, दान दिला नव्हता. त्याच्यावर ते वर्ष आमच्या घरांनी काढले. पुढे माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि मी बीडला दवाखान्यात असताना अध्यक्ष छबुबाईने सभा घेतली. "आक्कांनीच सांगितलंय," असे म्हणून तिने ओव्हन उत्तरेश्वरच्या दुकानात हलवला आणि माझे नाव सभासदांतून काढले. सगळ्या बाया खाली बघत बसल्या. एकटी दगडाबाई उठून म्हणाली, "आक्काला इचारलं का कुनी?" तिला खाली बसवले.

डोळ्याची पट्टी सुटल्यावर मी दुकानात गेले. ओव्हन चालू होता. छबुबाई गिऱ्हाइकांना सांगत होती, की हा तिनेच पारखून आणला. मला पाहून ती जराही दचकली नाही. एका बाईने विचारले, "या कोण?"

"ह्या? आमच्याकडं कामाला हुत्या."

मी तशीच मागे फिरले. वडवणीची एसटी धरली.

४. मोहनला सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, एका ओव्हनपायी भाऊबंदकी कशाला?" मी ते ऐकले. मला वाटले, पोरगा शांत स्वभावाचा आहे. पुढच्याच महिन्यात उत्तरेश्वरच्या पॅनेलमधून तो दूध संस्थेवर संचालक झाला. हार घालून घरी आला आणि माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला.

५. पहिला ओव्हन मी दगडाबाईला देते. आणायला जायचे की नाही, तिने ठरवावे. मोहनने आडवे येऊ नये.

६. दुसरा ओव्हन मी कानातले मोडून घेतला. या वेळी दुकानात एकटी गेले. तोही दगडाबाईचा, बिडाच्या तव्यासकट. त्याची खालची डावी कांडी जास्त तापते, म्हणून पाव अर्धा भाजल्यावर फिरवून ठेवावा.

७. गेल्या दिवाळीत मी अंथरुणाला खिळले, तेव्हा छबुबाई भेटायला आली. सुनेने केलेला चहा घेत बसली. मग म्हणाली, "आक्का, माजं काय चुकलं आसंल तर माफ करा."

"आसंल?" मी विचारले.

तिने चहा संपवला आणि ती गेली. मोहन तेव्हापासून रोज म्हणतो, "आता सोडून दे."

तरी नमूद करते, की माफी ही माझी स्थावर नाही की जंगम नाही. ती कोणा वारसाकडे जात नाही. छबुबाई माझ्या मातीला आली तर तिला अडवू नये, पाणी द्यावे. पण मोहनने, माझ्या पश्चात, माझ्या वतीने तिला माफी देऊ नये. आणि स्वतःलाही देऊ नये.

सही: सरस्वतीबाई त्रिंबकराव मस्के

सरस्वतीबाईंनी हे आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवले, आमच्या देखत सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही केल्या.

साक्षीदार: १) धोंडीराम सटवाजी उजगरे २) राधाकिशन तात्याबा बडे

ठिकाण: वडवणी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४