लांबलेली पूजा

रत्नागिरी, डिसेंबर १९८५

तीर्थरूप आक्कास,
ओटीवरूनच नमस्कार.

भावोजींच्या माघारी दिगूला दिलेली फियाट आता तू ओळखणार नाहीस. त्याने आणि हारुन मिस्त्रीने दारं, काचा, मागची सीट काढून तिला हलकी केली आहे. सीट माझ्या ओटीवर आहे. तिच्यावर बसूनच लिहितोय. इंजिनाला दोन कार्बोरेटर बसवलेत. ब्रेक मात्र भावोजींच्या वेळचेच.

आज ओहोटीला भाट्याच्या पुळणीवर, उघड्या पडलेल्या वाळूवर, तो ती शर्यतीत सरळ सुसाट सोडणार होता. तुझा एकुलता एक लेक हट्टी खरा, पण पूजेशिवाय चावी फिरवत नाही. "मामा, थोडक्यात आटपा हं," म्हणाला.

मी गणपतीपासून निघालो, नवग्रह झाले, मग वास्तुशांत घातली, मग मुंज. पदवीधर दिगू हात जोडून उभा. मंगलाष्टकं तेवढी टाळली. ती ओळखू आली असती.

"मामा, पानी चढतंय!" हारुन ओरडला.

"देवाला घाई चालत नाही," मी म्हटलं. आरती झाली तेव्हा पुळण पाण्याखाली होती.

घसा पार बसलाय, आक्का. हे पत्र टाकलं तर तू मुंबईहून पहिल्या एस्टीने येशील, आणि तुझ्या धाकाने तो पूजेलाही न थांबता गाडी पळवील. म्हणून माझ्या पूजेच्या पेटीतच ठेवतो.

शर्यत उद्यावर गेली, आणि उद्या पुन्हा ओहोटी आहे. मला येणारे मंत्र संपले. राहिलेत ते श्राद्धाचे, आणि ते मला म्हणायचे नाहीत.

तुझा दमलेला,
वासू